भुरीच्या वाडग्यात काय कमी होतं? (कुत्र्यांचं घरचं जेवण आणि खाऊ)

चाफेकळी

आमची भुरी सहा वर्षांची, मिश्र जातीची, वजन १२ किलो, नसबंदी झालेली. गेल्या वर्षी तिचं पोट बिघडलं आणि त्यानंतर तिने तयार कोरडं खाणं तोंडात धरणंच सोडलं. वाडग्याजवळ जायची, वास घ्यायची आणि मान वळवून परत येऊन झोपायची. चौथ्या दिवशी मी चिकन उकडून, भातात कुस्करून तळहातावर धरलं. तिने हात चाटून लख्ख केला. त्या दिवसापासून तिचा स्वयंपाक माझ्याकडे आला.

आठ महिने रोज तेच चाललं: २०० ग्रॅम उकडलेलं चिकन, २०० ग्रॅम भात, मूठभर गाजर-भोपळा, एक छोटा चमचा तेल. मीठ नाही, मसाला नाही. भुरी खूश, मीही खूश. मग तिच्या पाठीवरची चमक गेली. शेपटीच्या बुडाशी केस विरळ झाले आणि ब्रश फिरवला की कोंडा पडायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर तिच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवून लिहून आणा. मी नीट वही भरून नेली. त्यांनी पानं उलटली आणि एकच प्रश्न विचारला, "यात कॅल्शियम कुठून येतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी समोरच आकडेमोड केली. भुरीला दिवसाला साधारण ७२० कॅलरी लागतात आणि त्या हिशेबाने किमान ९०० मिलिग्रॅम कॅल्शियम. माझ्या वाडग्यात ते १०० मिलिग्रॅमसुद्धा नव्हतं. शिवाय मांसात फॉस्फरस भरपूर असतं, त्यामुळे कॅल्शियमच्या पाच-सहा पट फॉस्फरस जात होतं. शरीर मग ती तूट हाडांमधून काढतं. रक्ततपासणीत कॅल्शियम ठीकठाकच दिसतं, कारण हाडं झिजवून रक्तातली पातळी सांभाळली जाते. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचीही तीच रड होती. कोंडा आणि केसांमागे जस्ताचा हात असावा, असं डॉक्टर म्हणाले.

धागा काढायचं खरं कारण पुढे आहे. या आठ महिन्यांत मला जो भेटला त्याला मी ही कृती कौतुकाने सांगितली. इथेही दोन-तीन धाग्यांवर प्रतिसादात लिहिली. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन करून झाले, इथल्या लोकांना कसं गाठणार? म्हणून हा धागा. माझी ती कृती कोणी वापरत असेल तर कृपया थांबा आणि पुढचं वाचा. तुम्ही घरी काय देता तेही वजनासकट लिहा. "थोडंसं" आणि "मूठभर" नको, त्यानेच माझा घात केला.

पीठगिरणी

चाफेकळी, एवढं मोकळेपणाने लिहिलंस, बरं वाटलं. मी फक्त खाऊ घरी करते, जेवण तयारच देते. पण तुझं वाचून आज पहिल्यांदा माझी बिस्किटं मोजायला बसणार आहे. कृती नंतर टाकते.

जुनाखोड

धागा चांगला आहे, पण मला एक सांगा. लहानपणी आमच्या दारात कायम दोन-तीन कुत्री असायची. घरात उरलंसुरलं असेल ते खायची आणि म्हातारी होऊन जायची. काटा नव्हता, आकडेमोड नव्हती. आपण उगाच बाऊ तर करत नाही ना?

चौपायी

मी पशुवैद्य आहे, रोज हेच बघते म्हणून लिहिते.

जुनाखोड काका, ती कुत्री दिवसभर मोकळी असायची. उंदीर, पक्षी, कुठेतरी मिळालेलं हाड, असं सगळं पोटात जायचं. हाडासकट खाल्लेल्या उंदरात कॅल्शियम असतं. तुमच्या वाडग्यातलं ते त्यांचं अर्धंच जेवण होतं. आजचं घरातलं कुत्रं दिवसभर आपण देऊ तेवढंच खातं. जे आपण दिलं नाही ते त्याला मिळत नाही, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे. शिवाय त्या काळी कुत्रं सात-आठ वर्षांचं झालं की आपण त्याला म्हातारंच म्हणायचो.

चाफेकळी ताईंनी केलेली चूक जवळजवळ सगळेच करतात. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० कृती गोळा करून तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के कृतींमध्ये किमान एक आवश्यक घटक कमी निघाला आणि बहुतेकांत एकापेक्षा जास्त. त्यातल्या बऱ्याच कृती तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. तेव्हा कोणी अपराधी वाटून घेऊ नका.

कॅल्शियमसाठी सर्वात सोपी गोष्ट म्हणजे अंड्याची टरफलं. धुवून दहा मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा, मिक्सरमधून पिठासारखी बारीक करा आणि चाळून घ्या. बोटांत चोळल्यावर कण लागता कामा नये. एक सपाट छोटा चमचा म्हणजे पाच-सहा ग्रॅम पूड आणि त्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम. भुरीच्या मापाच्या कुत्र्याला दिवसाला अर्धा चमचा पुरतो. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण १:१ ते २:१ यांच्यामध्ये राहायला हवं, त्याच्यावरही नको.

पण टरफलाची पूड फक्त कॅल्शियमचं भोक बुजवते. जस्त, तांबं, आयोडीन, ड, ई यांच्यासाठी घरच्या जेवणाकरता बनवलेली पुरवणी पावडर लागते आणि ती डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या अजिबात देऊ नका. त्यातलं ड जीवनसत्त्व कुत्र्याला जास्त होऊ शकतं आणि चघळायच्या गोळ्यांमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) असू शकतं. अजून एक, "आमचा रोज उन्हात बसतो, त्याला ड मिळतं" असं मला लोक सांगतात. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसं ड तयार होत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं.

डोंगरदरी

माझा वेगळा मुद्दा. कुत्रा म्हणजे लांडग्याचाच वंशज. मग त्याला भात कशाला? निव्वळ मांस दिलं तर हे सगळे प्रश्न मुळातच येणार नाहीत.

चौपायी

उलट वाढतील. निव्वळ मांसात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण भातासकटच्या जेवणापेक्षा वाईट असतं. फक्त मांसावर वाढवलेली पिल्लं मी पाहिली आहेत. चार महिन्यांचं पिल्लू लंगडत येतं, उचललं की किंचाळतं आणि एक्स-रेमध्ये हाडं कागदासारखी पातळ दिसतात. कधी आधीच मोडलेली असतात. मालकाने महागातलं मांस प्रेमाने भरवलेलं असतं, म्हणून त्यांना ते सांगणं फार जड जातं.

लांडगाही नुसतं मांस खात नाही, तो हाडं, आतडी, यकृत, कातडी असं सगळं खातो. आणि कुत्रा माणसाच्या सोबतीने बदलला आहे. २०१३ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय संशोधनात दिसलं की पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चार ते तीस. नीट मऊ शिजवलेला भात, ओट्स, रताळं बहुतेक निरोगी कुत्र्यांना पचतं.

डोंगरदरी

हे माहीत नव्हतं. मी कच्चं चिकन देतो, आधी गोठवतो म्हणजे जंतू मरतात, असं वाचलं होतं.

चौपायी

गोठवल्याने काही परजीवी मरतात. साल्मोनेला, लिस्टेरियासारखे जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी कोणी असेल तर कच्चं देऊच नका. तुमचा कुत्रा धडधाकट दिसेल, पण तो ज्याचं तोंड चाटेल तो आजारी पडू शकतो. आणि हाड शिजवलं की ते ठिसूळ होऊन टोकदार तुकडे पडतात, म्हणून शिजवलेल्या मांसातलं एकूण एक हाड काढायचं.

उनाडवारा

हे वाचून मी कालच डब्यातली कॅल्शियम पावडर काढली. आमचा ढग चार महिन्यांचा, मोठ्या जातीचा, आत्ताच १८ किलो आहे. त्याला पिल्लांचं तयार खाणं चालू आहे. त्यावर ही पावडर टाकू का? हाडं मजबूत व्हायला?

चौपायी

उनाडवारा, नका टाकू! पिल्लांचं तयार खाणं संपूर्ण असेल तर त्यात मोजूनमापून कॅल्शियम घातलेलं असतं. वाढ पूर्ण झालेलं कुत्रं नको असलेलं जास्तीचं कॅल्शियम बऱ्यापैकी बाहेर ठेवू शकतं, लहान पिल्लाच्या आतड्याला ते जमत नाही, येईल ते आत घेतलं जातं. मोठ्या जातीच्या पिल्लांत त्याने हाडांची वाढ वेडीवाकडी होते. तुमच्या ढगला पिल्लांच्या, शक्यतो मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाण्यावरच ठेवा. वाढ पूर्ण होईपर्यंत घरचं जेवण हा प्रयोग मोठ्या जातीत करू नका, निदान आहारतज्ज्ञ पशुवैद्याशिवाय तरी नाहीच. दात शिवशिवत असतील तर थंडगार गाजर द्या, तुम्ही समोर असताना.

उनाडवारा

डबा बंद करून ठेवला. बरं झालं विचारलं. गाजराचा प्रयोग झाला. अर्धा तास पंजात धरून कुरतडत होता, खाल्लं थोडं आणि उरलेलं सगळं कार्पेटवर केशरी. पण खुर्चीचा पाय वाचला.

पीठगिरणी

वचन दिल्याप्रमाणे बिस्किटं. मी गेली चार वर्षं हीच करते.

२०० ग्रॅम ओट्स मिक्सरमधून पीठ करून घ्या. १२० ग्रॅम लाल भोपळा वाफवून, पाणी निथळून, कुस्करा. एक अंडं. बास. गूळ, साखर, मीठ, बेकिंग पावडर काही नाही. मळताना चिकट वाटलं तर दहा मिनिटं झाकून ठेवा, ओट्स पाणी ओढतात आणि गोळा हाताला सुटतो. अर्ध्या सेंटिमीटर जाडीचं लाटायचं. इथे मी पूर्वी चूक करायचे, गोंडस हाडाच्या आकाराचा मोठा साचा वापरायचे. आता सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारून १२० छोटे चौकोन करते. १६० अंशांवर अर्धा तास, मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचे. मधला तुकडा मोडून बघायचा, कट्ट आवाज आला पाहिजे. मऊ वाकला तर आत ओल आहे, आणखी दहा मिनिटं. ओल राहिली की तिसऱ्या दिवशी बुरशी.

आता हिशेब. सगळ्या घाण्याच्या साधारण ८७० कॅलरी झाल्या, म्हणजे एका चौकोनाच्या सातच्या आसपास. पूर्वीच्या त्या एका हाडाच्या आकारात असे सहा चौकोन मावायचे! म्हणजे मी "एकच तर बिस्किट" म्हणून चाळीस कॅलरी देत होते, दिवसातून चारदा. कुत्र्याला आकार कळत नाही, किती वेळा मिळालं ते कळतं. आता दहा चौकोन सकाळी एका डबीत काढते. घरातल्या सगळ्यांनी दिवसभर त्याच डबीतून द्यायचं. डबी संपली की संपली.

चौपायी

डबीची युक्ती मी माझ्या पेशंटना सांगणार. खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, हा नियम. भुरीला ७२० म्हणजे खाऊ ७० च्या आसपास, तुमचे बरोबर दहा चौकोन. आणि तेवढं जेवण कमी झालं पाहिजे, त्याच्यावर भर नव्हे. या १० टक्क्यांत अपूर्ण आहार चालतो, म्हणून खाऊ घरी करणं हा सर्वात निर्धास्त मार्ग आहे. ज्यांना कुत्र्यासाठी हाताने काही करायचं आहे पण वही-काटा झेपणार नाही, त्यांनी जेवण तयार संपूर्ण द्यावं आणि खाऊ घरचा करावा. त्यात प्रेम कमी पडत नाही.

शिंपला

खाऊवरून मला आमचा अनुभव लिहायलाच हवा. आमच्याकडे लहान मुलाच्या डब्यासाठी ओट्सची बिस्किटं केली होती, त्यात मनुके. ताट ओट्यावर गार व्हायला ठेवलं आणि मी दार उघडायला गेले. परत आले तर ताट जमिनीवर आणि मिठू (कुत्राच आहे, नाव मिठू) ओठ चाटत उभा. मला वाटलं, जास्तीत जास्त जुलाब होतील. नशिबाने बहिणीने फोनवर "मनुके होते का?" विचारलं आणि आम्ही तसेच धावलो. तासाभरात उलटी करवली. त्यात मनुके निघाले, फुगून टपोरे झालेले. दोन दिवस सलाईन, तीनदा किडनीच्या तपासण्या. वाचला. त्या दोन रात्री मी कशा काढल्या मलाच माहीत.

चौपायी

तुम्ही वाट न बघता गेलात म्हणून वाचला. द्राक्षं-मनुक्यांचं असं की एका कुत्र्याला काही होत नाही आणि दुसऱ्याची थोड्याशाने किडनी जाते. सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. २०२१ पासून संशय द्राक्षांतल्या टार्टरिक आम्लावर आहे. घरी केलेला खेळायचा मऊ गोळा, ज्यात क्रीम ऑफ टार्टर (त्याच आम्लाचा क्षार) घालतात, तो खाल्लेल्या कुत्र्यांचीही किडनी तशीच बिघडलेली दिसली, त्यावरून हा सुगावा लागला.

स्वयंपाकघरातल्या बाकी गोष्टी पटकन सांगते. कांदा आणि लसूण कच्चा, शिजवलेला, पावडर, कसाही नको. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे "काल खाल्लं, काही झालं नाही" याला अर्थ नाही. तयार स्टॉकच्या वड्या आणि सूपमध्ये बऱ्याचदा कांद्याची पावडर असते, ते भातावर ओतू नका. चॉकलेट, मॅकाडेमिया, दारू, यीस्ट घातलेलं कच्चं पीठ नको. पीनट बटर देणार असाल तर डब्यावरची यादी शेवटपर्यंत वाचा, झायलिटॉल लिहिलं असेल तर घरातच आणू नका. अर्ध्या तासातसुद्धा रक्तातली साखर इतकी उतरू शकते की कुत्र्याला झटके येतात.

सांजवेळ

आमचा राजा तेरा वर्षांचा, किडनीचा आजार. मी इंटरनेटवरची "किडनी रेसिपी" करायला घेतली होती, त्यात हाडांची पूड होती. आमच्या आहारतज्ज्ञ पशुवैद्यांनी ती लगेच थांबवली. हाडांच्या पुडीत कॅल्शियमसोबत फॉस्फरसही असतं आणि किडनीच्या आजारात नेमकं तेच कमी करायचं असतं. टरफलाच्या पुडीत फॉस्फरस नगण्य. बाहेरून दोन्ही पांढऱ्या पुडीच! त्यांनी राजाच्या रिपोर्टवरून ग्रॅमसकट आहार लिहून दिला, दर तीन महिन्यांनी बदलतो. आजारी कुत्र्यासाठी कोणाचीही कृती उचलू नका, माझीसुद्धा मागू नका. एक छोटीशी गोष्ट मात्र सर्वांना चालेल: भूक मंदावलेल्या म्हाताऱ्याला जेवण कोमट करून द्या. वास उठतो. राजा फ्रीजमधलं गार ताट सोडून जातो, तेच कोमट केलं की उभा राहून खातो.

चाफेकळी

सगळ्यांचे आभार. आता भुरीचं सांगते, नवा आहार सुरू होऊन तीन महिने झाले.

रविवारी एकदम शिजवते. चिकन, कधी मासा काटे काढून, भात, भोपळा, गाजर. आठवड्यातून दोनदा ४० ग्रॅम कलेजी, त्याहून जास्त नाही, कारण अ जीवनसत्त्व साठत जातं. एक दिवसाआड उकडलेलं अंडं, त्या दिवशी चिकन थोडं कमी. वजन करून डबे भरते, तीन दिवसांचे फ्रीजमध्ये, बाकीचे फ्रीझरमध्ये. टरफलाची पूड आणि डॉक्टरांनी दिलेली पुरवणी शिजवताना घालत नाही, वाढताना कोमट झाल्यावर मिसळते, उष्णतेने काही जीवनसत्त्वं जातात म्हणून. जुन्याकडून नव्यावर यायला दहा दिवस घेतले, रोज थोडं थोडं बदलून. पाचव्या दिवशी शी सैल झाली तेव्हा दोन दिवस तिथेच थांबले.

पहिला महिना काही फरक नव्हता, मी रोज तिच्या पाठीवर बॅटरी मारून बघायचे. सहाव्या आठवड्यात शेपटीच्या बुडाशी हात फिरवला तर बोटांना काहीतरी टोचलं. बारीक, ताठ, नवे केस. आता तिथे काळसर मऊ पट्टा झाला आहे, बाकी अंगापेक्षा गडद. कोंडा गेला. वजन ११.८. बरगड्या हाताला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत, डॉक्टर म्हणाले असंच हवं.

पाऊलखुणा

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. चाफेकळी ताई, तुमची ती जुनी कृती मी वापरते. पाच महिने झाले. माझी ठिपकी ५ किलोची आहे, चार वर्षांची. अर्ध्या मापाने देते. तिला काही झालेलं दिसत नाही, पण हे वाचून हात थरथरतायत. मी काय करू?

चाफेकळी

पाऊलखुणा, तुमच्यासाठीच हा धागा काढला होता. लिहिलंत, फार बरं झालं. घाबरू नका, ती मोठी आहे, वाढीच्या वयातली नाही आणि भुरीचं आठ महिन्यांनंतर सुधारलं. चौपायी डॉक्टर, जरा बघाल का?

चौपायी

पाऊलखुणा, आज जेवण बंद करू नका, अचानक बदलूही नका. पाव छोटा चमचा टरफलाची पूड आजपासून रोज, दोन जेवणांत विभागून. या आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन अंग, दात, चाल दाखवा आणि पुरवणी ठरवून घ्या. जाताना तुम्ही काय देता ते ग्रॅममध्ये लिहून न्या. ५ किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्रीला साधारण ३७५ कॅलरी लागतात, खाऊ धरून. ती उडी मारायला कचरते का, पाठीला हात लावला तर वळून बघते का, हे आज नीट बघा. तसं असेल तर उद्याच जा.

पाऊलखुणा

उडी मारते. आत्ताच सोफ्यावर चढली. दुपारी अंडी उकडली होती, टरफलं अजून सिंकमध्ये आहेत. धुवायला घेते. वजनकाटा मात्र नाही घरी.

चाफेकळी

उद्या घ्या. तोपर्यंत आजचं ताट नेहमीच्या वाडग्यात भरून फोटो टाका, माझा वाडगाही तेवढाच आहे, मी इथे भरून मोजून सांगते.